मेहकरचे घर : ओसरी, सोपा आणि माजघर

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे स्थायिक झालेल्या वऱ्हाडी कुटुंबांपैकी फारच थोडी अशी असतील की, ज्यांच्या मूळ गावी एखादे कुलूपबंद घर नाही. ह्या घरासंबंधी वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीत, वडील मंडळींत बोलणे निघते. पडझडीचे वर्णन होते, उसासे टाकले जातात, आणि विषय पुढील दिवाळीपर्यंत तहकूब राहतो. मध्यंतरी एक पावसाळा आपले काम करून जातो, तो मात्र तहकुबी जाणत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथील आमच्या घराची अशीच स्थिती होती. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यातील ओसरी, सोपा व माजघर एवढ्या तीन जागा आम्ही घरच्या मंडळींनी आपल्या हातांनी राहत्या केल्या. त्या खटाटोपात त्या मुलखाचा व जुन्या घरांच्या स्वभावाचा जो परिचय झाला, तो अशाच विवंचनेत असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटाखालचा व घाटावरचा असे दोन भाग सहज पडतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही गावे घाटाखालच्या पूर्णेच्या काळ्याभोर खोऱ्यातील. आगगाडीचा मार्ग तेथूनच जातो आणि कापसाच्या व्यापाराने ती भरभराटीस आली. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके घाटावरचे. येथे आगगाडी नाही. पुण्याहून जाणारास छत्रपती संभाजीनगर, जालना असे करून सिंदखेड राजावरून मेहकरास जाणे सोयीचे पडते. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही ह्याच तालुक्यांतून गेला असून, त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. रस्ता सुधारला म्हणजे गाव जवळ येते हे खरे; पण गाव जवळ आले म्हणून घर जवळ येतेच असे नाही.

वाटेत सिंदखेड राजास उतरल्यावाचून पुढे जाणे कोणाही मराठी माणसास शोभणारे नाही. १२ जानेवारी १५९८ हा जिजाबाईसाहेबांचा जन्मदिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी लखुजी जाधवरावांच्या ह्या गावी दरवर्षी अलोट गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळ्याचा आरंभ असल्याने गर्दी नव्हती. राजवाड्याचे महाद्वार अजूनही पाहणाराची मान वर करावयास लावते. परंतु आत गेल्यावर जे दिसते, ते घर दुरुस्त करावयास निघालेल्या माणसाने विशेष लक्षपूर्वक पाहावे असे आहे. दगडी द्वार, जोती, तळघरे टिकली. ज्यांत माणसे जेवली, निजली, बोलली, त्या महालांचे बरेचसे वरचे काम मात्र आज उरलेले नाही. वाड्याची राहती अंगे बहुधा लाकूड, वीट व माती ह्यांची असतात. त्यांवर रोज कोणाचा तरी हात फिरावा लागतो. धनी गेला की ती अंगे प्रथम जातात. १६२९ साली निजामशाही दरबारात दौलताबादेस लखुजींचा घात झाला, आणि पुढे ह्या घराण्याचे वैभव पूर्वीसारखे राहिले नाही. एवढ्या मोठ्या वाड्याची जर ही कथा, तर तुमच्या-आमच्या पाच खणी घरांची काय कथा!

सिंदखेडाहून दुसरबीड, बिबी, सुलतानपूर ह्या गावांवरून मेहकर येते. बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा गावालगत वाहते. गावाचे नाव मेघंकर नामक दैत्यावरून पडले व त्याचा वध शार्ङ्गधर विष्णूने केला, अशी स्थलकथा आहे. १८८८ साली येथे जमिनीतून काळ्या पाषाणाची भव्य विष्णुमूर्ती निघाली, तीच आजच्या बालाजी मंदिरातील मूर्ती. अकबराच्या काळच्या ऐने-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव आढळते. गावाबाहेर उंचावर कंचनीचा महाल म्हणून ओळखली जाणारी भग्न वास्तू आहे. असे हे जुने, पुष्कळ पाहिलेले गाव आहे. जुन्या आळीत धाब्याची घरे एकमेकांस खांदा लावून उभी आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या जागी आता सिमेंटच्या इमारती झाल्या असून, काहींच्या ठिकाणी नुसत्या मोकळ्या जागा आहेत.

आमचे घर दीडशे वर्षांपूर्वीचे. दारातून आत गेल्यावर ढेलज, मग चौक, चौकाच्या एका अंगास ओसरी, तिच्यावर चढून पाच खणांचा सोपा, त्याच्या आत माजघर व देवघर, डावीकडे स्वयंपाकघर, मागे पडवी आणि वर लहानशी माडी. भिंती खाली दगडाच्या व वर पांढरीच्या मातीच्या, दीड-दोन हात रुंद. खांब व तुळया सागवानी. वर कडीपाट, त्यावर पाला व चिखल, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा चोपून बसविलेला थर, असे हे धाबे. उजेडासाठी धाब्यास जी भोके ठेवतात त्यांस साणे म्हणतात. आमच्या माजघरात दिवसा जो काय प्रकाश येतो, तो ह्या साण्यातूनच.

आता हे सर्व करण्याची निकड का पडली, ते सांगितले पाहिजे. आमच्या धाकट्या काकू बहात्तर सालच्या दुष्काळापूर्वी ह्या घरात सून म्हणून आल्या. काका निवर्तल्यावर त्यांचे दोघे चिरंजीव त्यांस एकदा नागपूरास तर एकदा पुण्यास नेत. चिरंजीव व सुना दोघेही चांगली. काकूंची कोणाविरुद्ध तक्रार नव्हती. परंतु ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी एकच हट्ट धरला, तो मेहकरास राहण्याचा. इकडे घराची मागील भिंत पोट काढून उभी होती. शिवाय एका व्यापाऱ्याने जागेसह घर मागितले होते. हे गृहस्थ घर पाहावयास आले, तेव्हा त्यांनी खोल्या मोजल्या नाहीत, खांब मोजले. जुन्या वाड्यांच्या नक्षीदार खांबांस शहरांतील उपाहारगृहांत व दिवाणखान्यांत आज चांगली किंमत येते, हे त्यावरून आम्हांस कळले. दिवाळीच्या बैठकीत अखेर असे ठरले की, येत्या मृगापर्यंत घर राहण्याजोगे झाले तर काकूंनी तेथे राहावे. न झाल्यास व्यापाऱ्यास होकार द्यावा. अवधी जेमतेम तीन महिन्यांचा होता; कारण हिवाळ्याचे दिवस शाळा-नोकऱ्यांत गेले व फाल्गुनाखेरीज कोणाची सवड होईना.

सगळे घर नवे करण्याचा अंदाज काढला असता तो आमच्या आवाक्याबाहेर गेला. तेव्हा काकूच म्हणाल्या, "अरे, मला राजवाडा नको. माजघरात दिवा लावता आला, सोप्यात चार माणसे टेकली आणि ओसरीवर संध्याकाळी बसता आले म्हणजे झाले." ह्या एका वाक्याने कामाची मर्यादा आखून दिली. माडी व पडवी ह्यांस टेकू देऊन त्या तशाच ठेवावयाच्या, आणि ज्या तीन जागांत मनुष्य खरोखर राहते, त्याच नीट करावयाच्या, असा बेत ठरला.

ह्याच सुमारास आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा रजा काढून इंग्लंडाहून आला. तो तेथे एका लहान गावी शंभराहून अधिक वर्षांच्या जुन्या विटांच्या घरात राहतो. त्या देशात मजुरी इतकी महाग की, सुशिक्षित गृहस्थ व त्याची पत्नी सुटीच्या दिवशी हातात थापी घेऊन आपला दिवाणखाना आपणच लिंपतात, ह्यात त्यांस कमीपणा वाटत नाही. त्याने आपल्या बैठकीच्या खोलीची व स्वयंपाकघराची सर्व डागडुजी दोन वर्षांत स्वतः केली होती. पूर्वीच्या मालकाने भिंतीवर सिमेंट चढविल्यामुळे आत ओल कोंडली होती. ते खरवडून त्याने चुना लावला, तेव्हा भिंत सुकली. विल्यम मॉरिस नामक कवी व कारागीर ह्याने आपल्या स्नेह्यांसह १८७७ साली लंडनास जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापले, ते आजही चालू आहे. जुन्या वास्तूस नटवून नवी करण्यापेक्षा तिची रोजची निगा राखावी, हा त्या मंडळाचा मुख्य उपदेश. पुतण्याने हे सांगितले, तेव्हा काकू नुसत्या हसल्या. ज्या बाईने चाळीस वर्षे आठवड्यास एकदा जमीन सारवली, तिला रोजच्या निगेचे महत्त्व लंडनहून कळावयाचे नव्हते!

चमत्कार असा की, आमच्या घराचा रोगही तोच निघाला. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने ओल थांबविण्यासाठी म्हणून सोप्याच्या भिंतीस कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. घाटावरची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याबरोबर जोतेही किंचित हलते. मातीची भिंत हे हलणे सोसते, कारण ती मऊ आहे. सिमेंट कठीण असल्याने त्यास तडे जातात. त्या तड्यांतून पाणी आत शिरते, पण सिमेंटाच्या कवचामुळे त्यास बाहेर पडता येत नाही. मग ते भिंतीत वर चढते आणि माती आतल्या आत विरघळते. गावातील एका वृद्ध गवंड्याने भिंतीवर हात ठेवून हेच निदान थोडक्यात केले. तो म्हणाला, "मास्तर, भिताडालाबी घाम येतो, तेला वाट ठेवा." हे मिस्त्री पुढे आमचे गुरू झाले. वयाने ते आमच्याहून वडील व विद्येनेही वडीलच. फरक एवढाच की, त्यांची विद्या बोटांत होती.

पहिले पंधरा दिवस नुसते उकरण्यात गेले. सिमेंट निघाल्यावर भिंत उघडीच वाळू दिली. दरम्यान कळीचा चुना हौदात विरवून पाण्याखाली ठेवला. तो जितका मुरेल तितका चांगला. मग एक भाग चुना व दोन भाग वाळू आणि विटांची सुर्खी असे प्रमाण धरून गिलाव्याचा माल तयार केला. पूर्वी त्यासाठी बैल जुंपलेली दगडी घाणी असे. आम्हांस पाट्यावर व पावड्याने भागवावे लागले. त्यात गुळाचे पाणी, भिजविलेल्या हिरड्याचा अर्क, बेलफळाचा गर आणि बारीक कापलेला ताग मिसळला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाचा एक अध्याय आहे. त्यात कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले इत्यादी द्रव्ये पाण्यात आटवून लेप करावयास सांगितले आहे. तो अध्याय आम्ही वर्गात कधी शिकविला नाही, कारण तो परीक्षेस नव्हता. मिस्त्रींस बृहत्संहिता ठाऊक नव्हती व आम्हांस थापी धरता येत नव्हती. दोन्ही विद्या एका हौदापाशी भेटल्या, हा योग मोठा मौजेचा.

चुन्याचा गुण सांगण्यासारखा आहे. चुनखडी भाजली की तिच्यातील वायू निघून जातो. तो चुना भिंतीस लावल्यावर तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. म्हणून त्यास घाई चालत नाही. पहिला थर वाळल्यावर दुसरा. आणि चैत्राच्या उन्हात तो फार लवकर वाळू नये म्हणून ओली गोणपाटे टांगून ठेवावी लागतात. ती भिजविण्याचे काम मुलांकडे होते. शाळेचा गृहपाठ चुकविणारी मुले हा नेम एकदाही चुकली नाहीत.

सोप्याचे दोन खांब वाळवीने तळाशी पोखरले होते. येथे मात्र आम्ही शहाणपण चालविले नाही. तुळईस भक्कम टेकू देऊन सुताराने खांबाचा कुजका भाग कापला, नवे सागवान सांधले, आणि खालील दगडी तळखडा वीतभर उंच करून खांब पुन्हा बसविला. विजेच्या ताराही जाणत्या कारागिराकडूनच ओढून घेतल्या. जेथे चूक झाली असता जीव जाईल, ते काम ज्याचे त्यानेच करावे. जेथे चूक झाली असता फक्त पुन्हा खरवडावे लागेल, ते घरच्यांनी खुशाल करावे. हा नियम वाचकांनी गाठीस बांधून ठेवण्यासारखा आहे.

धाब्याचे काम सर्वांत जिकिरीचे. वर गवत व एक पिंपळाचे रोप उगवले होते. मुळ्या कडीपाटापर्यंत गेलेल्या. जुनी माती काढून कडीपाटाच्या चार फळ्या बदलल्या, कडुलिंब व निरगुडीचा पाला अंथरला, चिखलाचा थर दिला, आणि वर पांढरी माती आणून चोपण्याने चोपली. उतार चौकाकडे ठेवून पन्हळी मोकळ्या केल्या. धाबे गळते ते बहुधा मातीच्या दोषाने नव्हे, तुंबलेल्या पन्हळीने. आणि पन्हळ तुंबते ती घरात कोणी नसल्याने. वर्षातून एकदा, मृगापूर्वी, धाब्यावर नवी माती पसरून चोपणे हा ह्या घरांचा वार्षिक संस्कारच होता. तो ज्या वर्षी बंद पडला, त्या वर्षापासून घराचे आयुष्य मोजले जाऊ लागले.

माजघराच्या जमिनीविषयी वाद झाला. नागपूरच्या सूनबाईंचे म्हणणे, चकचकीत फरशी बसवावी, म्हणजे पुसण्यास सोपे. काकूंचे म्हणणे, मातीचीच जमीन हवी, पायास थंड लागते. अखेर सोप्यात शहाबादी फरशी व माजघरात सारवण, असा तह झाला. काकूंनी पाटावर बसून शेण, माती व पाणी ह्यांचे प्रमाण सांगितले आणि सूनबाईंनी हाताने सारविले. प्रथम रेघा वाकड्या आल्या, तिसऱ्या दिवशी सरळ येऊ लागल्या. "हात बसला हो तुझा," एवढेच काकू म्हणाल्या. पण त्या दोघींत पूर्वी जे थोडेसे अंतर असे, ते त्यानंतर दिसले नाही. जुनेपणाचा हट्ट मात्र सर्वत्र चालविला नाही. माजघरास लागून न्हाणीघर व बसते शौचकूप केले, भिंतीस धरावयास कठडा बसविला. ब्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांस परंपरेपेक्षा कठड्याचा आधार अधिक, हे ओळखण्यातही धर्मच आहे.

संस्कृतात वास्तू हा शब्द 'वस्' म्हणजे राहणे ह्या धातूपासून आला आहे. हे मुलांस आम्ही अनेकदा सांगितले होते, परंतु त्याचा अर्थ ह्या तीन महिन्यांत कळला. जेथे वस्ती आहे तीच वास्तू. वस्ती उठली की उरते ते बांधकाम. बांधकामास किंमत येते, खांबांस गिऱ्हाईक मिळते, पण वास्तूची विक्री होऊ शकत नाही. कारण ती व्यापाऱ्याच्या गाडीत चढतच नाही.

मृगाचा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री आला. सोप्यात आम्ही सारे जागे होतो व प्रत्येकजण आढ्याकडे पाहत होता. दोन्ही चिरंजीव मुद्दाम आले होते. व्यापाऱ्यास त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवावयाचे होते. पाऊण तासाने माजघरात साण्याच्या कडेने थेंब पडू लागले. पुतण्या भिजत वर गेला व साण्यावरचे झाकण सारखे करून आला, थेंब थांबले. बाकी धाब्याने पाण्याचा टिपूसही आत सोडला नाही. पन्हळींतून चौकात पडणाऱ्या पाण्याचा आवाज मात्र मोठा होता. काकू देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. धाकट्या चिरंजीवांनी विचारले, "आई, इथे एकटी राहशील?" त्या म्हणाल्या, "एकटी कशी? तुम्ही येणार ना?" ह्या प्रश्नास उत्तर देणे धाबे चोपण्याहून अवघड होते. तथापि त्याच रात्री तिघा घरांनी चार-चार महिने वाटून घेतले, आणि व्यापाऱ्यास सकाळी नकार गेला.

एकूण खर्च नव्या बांधणीच्या अंदाजाच्या चौथाईहूनही कमी आला. परंतु हा हिशेब आम्ही मुख्य मानीत नाही. काकूंच्या पश्चात ह्या घरात कोण राहील, हा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो चुन्याने लिंपता येणारा नाही. म्हण आहे की, घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात. आम्हांस उलट अनुभव आला : घरची माणसे परतली, तेव्हा वासे आपल्या जागी उभेच होते.

ज्यांचे असे घर आहे, त्यांस आमची एवढीच विनंती की, सगळे घर एकदम उभे करण्याच्या विचाराने स्वस्थ बसू नये. राहावयास लागेल तेवढीच जागा निवडावी. घर ज्या द्रव्याचे आहे त्याच द्रव्याने ते सांधावे. गावातील जो एखादा वृद्ध कारागीर हयात असेल त्याच्या हाताखाली घरच्या मुलांस काम करू द्यावे, कारण त्याची विद्या कोणत्याही पुस्तकात पूर्ण उतरलेली नाही. आणि काम मृगाच्या आत संपवावे. त्यानंतर वर्षातून एकदा मातीची एक गाडी धाब्यावर चढविण्यास कोणी तरी तेथे गेले, म्हणजे पुष्कळ झाले.